अक्षरांचा बट्टा

१४ ऑक्टोबर २०२५ या तारखेवर फारशा कोणी भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण केली नसेल. धनत्रयोदशीला चार दिवस उरले होते, घराघरांत फराळाचे डबे भरत होते, आणि त्याच दिवशी विंडोज १० या कार्यप्रणालीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. मागणाऱ्यांना वर्षभराची मुदतवाढ होती. पण यंत्र चालू राहिले तरी त्याच्या दारांच्या कड्या हळूहळू सैल होत जाणार, हे ठरलेलेच होते. विंडोज ११ घालावी, तर ती जुन्या यंत्रांना दारातच अडवते. तिला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय लागते आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. परिणामी धडधाकट लॅपटॉप माळ्यावर गेले आणि नवे घरात आले. आमच्या चांदवडातही आले. मीही नाशिकहून एक आणला.

नवा लॅपटॉप म्हणजे कोरी पाटी, अशी आपली समजूत असते. ती पहिल्या पाच मिनिटांत दूर होते. महिनाभर फुकट राहून नंतर पैसे मागणारा विषाणूरक्षक, न मागितलेले खेळ, कंपनीची स्वतःची दोन-चार मदतनीस मंडळी, सगळे आधीच आत येऊन बसलेले. घर आपण विकत घ्यावे आणि आत शिरल्यावर पोटभाडेकरूंनी चहा विचारावा, तसा प्रकार. दुसरीकडे स्वस्तातले काही लॅपटॉप नुसत्या 'डॉस'वर, म्हणजे विंडोजशिवाय मिळतात. मग दुकानदार मोठ्या उदार मनाने म्हणतो, "काळजी करू नका, विंडोज टाकून देतो." त्यातले 'टाकून देतो' हे क्रियापद मला पहिल्यापासून अर्थपूर्ण वाटत आले आहे. त्याने टाकलेली ती विंडोज बहुधा परवान्याची नसते. कुलूप फोडण्याचे हत्यार तिच्याबरोबर घरात येते आणि त्या हत्यारात आणखी काय दडलेले आहे हे ना दुकानदाराला ठाऊक, ना आपल्याला. त्याच यंत्रावर आपण पुढे बँकेचे व्यवहार करतो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पाहवत नाही.

म्हणून नव्या लॅपटॉपवर कार्यप्रणाली स्वतः नव्याने बसवावी, असे माझे मत आहे. हे काम वाटते तितके अवघड नाही. आठ जीबी किंवा त्याहून मोठा पेन ड्राइव्ह घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ त्यावर विनामूल्य उतरवून घेता येते. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा, डिस्कवरचे जुने कप्पे पुसायचे आणि मोकळ्या जागेत प्रणाली बसवायची. 'की विकत घ्यावी लागेल' असे कोणी सांगितले तर आधी थांबावे. विंडोजसह विकलेल्या यंत्रांत परवान्याचा क्रमांक विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहिलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा बसवली तर यंत्र तो आपला आपण वाचते. अडते ते दुसरीकडेच. वाय-फायचा ड्रायव्हर नसला तर नव्या प्रणालीला इंटरनेट दिसत नाही आणि होम आवृत्ती मांडणीच्या वेळीच इंटरनेट व मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. म्हणून तो ड्रायव्हर आधीच वेगळा उतरवून ठेवावा. काही यंत्रांत साठवणीचा ड्रायव्हर दिल्याशिवाय डिस्कच दिसत नाही. कंपनीने दिलेला परतीचा कप्पा पुसण्यापूर्वी त्याची प्रत काढून ठेवावी. आणि विंडोज ११ अनेक यंत्रांची डिस्क आपोआप कुलूपबंद करते. त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते; ती वहीत उतरवून कपाटात ठेवावी. लॉकरची किल्ली हरवलेल्या खातेदारांचे चेहरे मी पाहिले आहेत. तिथे निदान लॉकर फोडणारा कारागीर तरी बोलावता येतो.

आणखी एक गोष्ट बँकेतून शिकलेली. डॉ. सी. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत संगणक येऊ लागले, तेव्हा जुनी लेजरे एका रात्रीत बंद झाली नाहीत. काही काळ वही आणि यंत्र दोन्ही चालत; संध्याकाळी दोन्हींचा ताळा जुळला की दिवस संपे. त्याला आम्ही 'पॅरलल रन' म्हणत असू आणि त्याच्या नावाने बोटेही मोडत असू. पण पद्धत शहाणपणाची होती. घरीही जुना लॅपटॉप महिना-दोन महिने तरी भंगारात किंवा भाच्याकडे देऊ नये. नव्यावर सगळे उघडते आहे ना, हे एकेक फाइल उघडून पाहावे. 'कॉपी झाली' आणि 'वाचता येते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तो फरक मराठी माणसाला जितका महाग पडतो तितका इंग्रजीत लिहिणाऱ्याला पडत नाही. माझा खरा विषय तोच आहे.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले होते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बोलावलेले. 'चांदवडची शिदोरी' ही त्यांची पुस्तिका अनेकांनी वाचली असेल. ट्रॅक्टरमधून, एसटीतून, पायी, भाकऱ्या बांधून हजारो बायका या गावात उतरल्या होत्या. पुढे १९९९ ते २००१ या काळात मी तालुक्यातल्या काही बायकांकडे बसून त्यांच्या त्या दोन दिवसांच्या आठवणी लिहून घेतल्या. वडनेर भैरव, वडाळीभोई, काजीसांगवी, दिघवद. भाषणातले फारसे कोणाला आठवत नव्हते. पण घरी मागे काय झाले ते सगळ्यांना आठवत होते. एका आजींच्या मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हशीची धार काढली, म्हशीने बादलीला लाथ मारली, आणि ही गोष्ट गावात अधिवेशनापेक्षा जास्त दिवस चालली. अशी एकसष्ट पाने मी संगणकावर उतरवून ठेवली. सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत.

फाइल जपली होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून डिस्कवर, डिस्कवरून पेन ड्राइव्हवर, दर वेळी नीट नेली होती. नव्या विंडोजवर ती उघडलीही तत्काळ. शेजारची मुलगी आमच्याच गावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. प्रणाली बसवताना ती मदतीला होती. तिने पडद्याकडे पाहून विचारले, "काका, हे फ्रेंचमध्ये आहे का?" पानभर इंग्रजी अक्षरे, त्यांच्या डोक्यावर टिंबे नि तिरप्या रेघा, मध्येच टक्क्याचे चिन्ह. म्हैस, बादली, आजी, काही म्हणता काही नाही.

असे का होते, हे तिच्या पिढीला ठाऊक नाही आणि आमच्या पिढीने कधी विचारले नाही. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे, याचा करार असावा लागतो. मराठीसाठी असा करार करण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले होते. आयआयटी कानपूरला जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' तंत्र होते. १९९१ मध्ये 'इस्की' या नावाने भारतीय मानकही ठरले. पण छपाईच्या धंद्याला घाई होती. पेजमेकरसारखी आज्ञावली फक्त इंग्रजी जाणत होती. मग तोड निघाली ती अशी, की फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणकाला वाटते आपण इंग्रजी लिहितो आहोत. माणसाला दिसते मराठी. हिंदीत अतिशय चाललेल्या कृतिदेव फॉन्टमध्ये 'राम' हा शब्द जे, के, ई या तीन इंग्रजी अक्षरांत साठवलेला असतो. तो फॉन्ट काढून घेतला की राम जातो आणि जे-के-ई उरतो.

तरीही सगळ्यांनी मिळून एकच फॉन्ट वापरला असता तर निभावले असते. पण प्रत्येक कंपनीने तुकड्यांची मांडणी आपापल्या मर्जीने केली. एकीचे 'क' दुसरीकडे 'ळ'. शिवाय आज्ञावलीची चोरी होऊ नये म्हणून संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या खाचेत एक लहानसे कुलूप लावत. ते नसले की मराठी बंद. आजच्या लॅपटॉपला ती खाचच नाही. त्या काळातल्या काही आज्ञावल्या सोळा बिटांच्या होत्या. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांची निघते, आणि ती त्यांना ओळखही दाखवत नाही. मी वापरलेल्या आज्ञावलीचे नाव सांगत नाही. त्या वेळी चांदवडात तीच मिळत होती आणि तिने काम चोख केले.

चांदवडात बसून हे लिहिताना टांकसाळीची आठवण येणे अपरिहार्य आहे. होळकरांच्या अमलात इथे टांकसाळ होती आणि तिचा रुपया 'चांदवडी' म्हणून ओळखला जाई. त्या काळात मुलखात नाना टांकसाळींचे रुपये चालत. पुण्याकडचा अंकुशी वेगळा, आमचा चांदवडी वेगळा. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत चालवायचा तर सराफाकडे जावे लागे. तो नाणे वाजवून, घासून, तोलून पाही आणि बदलून देताना बट्टा कापून घेई. चांदी तीच, छाप वेगळा, म्हणून बट्टा. नव्वदच्या दशकातले आपले फॉन्ट म्हणजे अशाच खासगी टांकसाळी होत्या. छाप वेगवेगळे, आणि सराफ कोणीच नाही.

सार्वत्रिक नाणे पुढे आले. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा होती. तिथे 'क' चा क्रमांक ०९१५, मग यंत्र कोणतेही असो, कंपनी कोणतीही असो. विंडोज २००० पासून ही सोय सामान्य संगणकांत आली. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट रेखाटला होता आपल्या र. कृ. जोशींनी. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. २००८ मध्ये ते गेले. कोट्यवधी लोकांनी त्यांचे अक्षर रोज वाचले, नाव मात्र फार थोड्यांना माहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवले. आज फोनवर सुनेला पाठवलेला निरोप असो की नातवाचा निबंध, सगळे युनिकोडमध्येच असते. नव्या लॅपटॉपवर मराठीसाठी काही विकत घ्यावे लागत नाही. सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, आणि ज्यांना इंग्रजी उच्चारांनी लिहायचे त्यांच्यासाठी २०१९ पासून फोनेटिकही आहे.

पण पेजमेकरला युनिकोडची देवनागरी कधीच जमली नाही आणि छापखाने पेजमेकर सोडायला तयार नव्हते. म्हणून युनिकोड येऊनही पुढे कितीतरी वर्षे पुस्तके, दिवाळी अंक, सोसायट्यांचे अहवाल, प्रबंध, लग्नपत्रिका जुन्याच फॉन्टांत जुळत राहिल्या. सुमारे वीस वर्षांचे मराठी लिखाण या खासगी नाण्यांत अडकले आहे. छापून झाले ते कागदावर वाचता येते. छापले न गेलेले, लेखकाच्या, वकिलाच्या, गावच्या मास्तरांच्या संगणकात राहिलेले, ते दर नव्या कार्यप्रणालीबरोबर मुके होत जाते. मोडी लिपी वापरातून गेली तरी आजही शिकवता येते, शिकलेली माणसे जुनी दप्तरे वाचतात. इथे लिपीचा तक्ताच एखाद्या बंद पडलेल्या कंपनीच्या कपाटात आहे.

माझी पाने वाचली ती गावातल्या एका छापखान्यामुळे. मालक अजून विंडोज एक्सपीवर लग्नपत्रिका जुळवतात. दसऱ्याला त्या संगणकाला हळदकुंकू लागते आणि एरवी त्याला कोणी हात लावत नाही. "साहेब, ह्याला इंटरनेट दाखवायचं नाही. दाखवलं की बिघडतंय," हे त्यांचे धोरण. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये थांबवली हे लक्षात घेता, या धोरणात चूक काढता येत नाही. पाठीमागच्या खाचेत ते कुलूप अजून तसेच. माझी फाइल त्यावर उघडली आणि म्हशीने बादलीला लाथ मारली. मालकांनी एकसष्ट पाने छापून दिली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजावा लागला.

पुढचे काम शेजारच्या मुलीने केले. एका हाताला छापील पान, दुसऱ्या हाताला ती फ्रेंच वाटणारी फाइल. कोणते चिन्ह म्हणजे कोणता तुकडा याचा तक्ता तिने स्वतः बांधला आणि पायथॉनमध्ये एक छोटी आज्ञावली लिहिली. महाजालावर जुने फॉन्ट बदलून देणारी फुकट साधने आहेत, पण ती नावाजलेल्या फॉन्टांसाठी. आमचा त्यात नव्हता. खरी अडचण तक्त्याची नव्हतीच. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या नंतर येते. रफाराचे नेमके उलटे. दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, उच्चार मात्र त्याच्या आधी. नुसती चिन्हामागे चिन्हे बदलत गेलो तर 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम' होतो, 'वर्ष'चे 'वषर्' होते आणि 'निर्मला'ची 'िनमर्ला'. जुन्या सरकारी पीडीएफमधून मजकूर उचलणाऱ्यांना हे प्राणी ओळखीचे असतील. गंमत अशी, की आताच्या विंडोजमधल्या देवनागरी फॉन्टचे नाव 'निर्मला' असेच आहे. हा बट्टा आहे. तो कापला जाणारच. पण कापणाऱ्या सराफाला मराठी यायला हवी.

आता माझी तक्रार. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१४ मध्ये २००५ पूर्वीच्या नोटा परत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तारीख पुनःपुन्हा वाढवली आणि खिडकी उघडी ठेवली. मे २०२३ मध्ये दोन हजारांची नोट काढली तेव्हाही बदलून घ्यायला वेळ दिला. २०१६ च्या नोव्हेंबरात मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो, तेव्हाच्या रांगांबद्दल पुष्कळ बोलता येईल. पण खिडकी होती. चलन बदलले तर जुने आणून द्या, नवे घेऊन जा, हे नागरिकाला सांगायला कोणीतरी बसलेले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदच झाला. अभिजाततेचे पुरावे आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांपासून गोळा केले. पंचवीस वर्षांपूर्वीची टंकलिखिते मात्र वाचता येत नाहीत, आणि ती घेऊन कोणाकडे जायचे हे सांगणारी एकही खिडकी नाही.

राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. गावोगावी ग्रंथालये आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि दरवर्षी 'प्रोजेक्टला विषय सुचवा' म्हणत फिरणारी मुले आहेत. बंद पडलेल्या फॉन्टांचे तक्ते गोळा करून एका जागी सर्वांसाठी खुले ठेवणे, प्रत्येक जिल्ह्याच्या एका ग्रंथालयात एक जुने चालते यंत्र त्याच्या कुलपासह जपणे, आणि आठवड्यातून एक दिवस लोकांच्या सीडी उघडून देणे, यासाठी फार मोठा निधी लागत नाही. छापखान्यांतली शेवटची एक्सपी यंत्रे बंद पडण्याआधी ते झाले पाहिजे. कोणी म्हणेल, छापील पान स्कॅन करून यंत्राकडून वाचून घ्या. घ्यावे, पण पान छापले गेले असेल तर. बहुतेकांकडे फक्त फाइल आहे.

तोवर घरच्या घरी करायचे ते एवढेच, की लॅपटॉपवर नवी प्रणाली घालण्यापूर्वी जुन्यावर मराठीत काय काय आहे ते उघडून पाहावे. तिथे ते वाचता येत असेल तर त्याच दिवशी छापून घ्यावे आणि त्या फॉन्टचे नाव पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. वडिलांची पत्रे, आईची पाककृतींची वही कोणी हौसेने टंकून ठेवली असेल ती, सोसायटीची जुनी इतिवृत्ते. ही यादी ज्याची त्याने करावी.

आमची एकसष्ट पाने बदलून झाली आहेत. मुलगी तपासते, मी वाचतो. अकरा ठिकाणी रफार कुठे बसवायचा ते अजून ठरलेले नाही. छापखान्यातल्या प्रतीवर नेमकी तिथेच शाई पुसट आहे. दिघवदच्या आजींच्या बैलाचे नाव यंत्राने 'सजार्' केले होते, ते 'सर्जा' हे आम्हाला लगेच कळले. दुसऱ्या बैलाचे कळत नाही. त्यांच्या नातवाला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, आईला विचारून सांगतो, तिला माहीत असंल."